शुक्रवारी गप्प होणारं शहर

आठवडाभर भिवंडीला जाते आहे असं सांगितल्यावर कऱ्हाडात मला जो तो एकच प्रश्न विचारत होता, "कशाला?" काश्मीरला जाणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. मी खरं उत्तर दिलं, की तिथल्या कॉलेजात शास्त्र शाखेच्या मुलांना माहिती कशी शोधायची, कशी पारखायची आणि कुठून घेतली ते कसं लिहायचं, हे शिकवायला जाते आहे. त्यावर आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे तुझे ते स्वल्पविराम."

तीसेक वर्षं मी ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, मी संदर्भसूचीला लागले. एका प्रशिक्षणात भिवंडीचे म्हात्रे सर भेटले होते. भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनीच फोन करून बोलावलं. "मॅडम, पोरं हुशार आहेत, पण प्रकल्प लिहायला बसली की हात आपोआप दुसऱ्याच्या वहीकडे जातो. तुम्ही या." एवढ्या प्रामाणिक आमंत्रणाला नाही म्हणवेना.

रविवार

दुपारी चारच्या सुमाराला पोचले. कॉलेजच्या मागच्या अंगाला पाहुण्यांची एक खोली आहे, तिथं माझी सोय होती. खोली छान, खिडकीत जास्वंद आणि भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना. इथं मागाला माग म्हणत नाहीत, लूम म्हणतात. खटाखट, खटाखट, खटाखट. मी चहा करून बशीत ओतला तर बशी आपली आपणच वाजायला लागली. टेबलावरचा चष्मा हळूहळू कडेला सरकत होता.

म्हात्रे सर सामान पोचवायला आले होते. ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, त्रास होईल थोडा. दोन दिवसांनी ऐकू येणं बंद होतं."

"काय?"

"आवाज म्हणतोय मी, आवाज!"

हे सगळं रविवारी घडलं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

सोमवार, मंगळवार

वर्गात चाळीसेक मुलंमुली. निम्म्या मुली स्कार्फ बांधलेल्या, पुढच्या बाकांवर त्यांचंच राज्य. आमच्याकडे नवीन बाई वर्गात आल्या की मुलं पाच मिनिटं अंदाज घेतात. इथं पहिल्याच मिनिटाला प्रश्न आला, "मॅडम, मोबाईलला विचारलं तर सगळं सांगतो, मग शोधायचं कशाला?"

मी म्हटलं, विचार मग. मागच्या बाकावरच्या एकाने लगेच त्याच्या मोबाईलला आवाजाच्या प्रदूषणावरचे पाच संदर्भग्रंथ विचारले. मोबाईलने पाचही दिले, लेखकासकट, पानासकट. मी पाच जणांना ती पुस्तकं शोधायला ग्रंथालयात पाठवलं. दोन पुस्तकं कुठल्या तरी सूचीत सापडली. बाकीची तीन कुठंच नव्हती, कारण त्यांचा जन्मच झालेला नव्हता. वर्ग हसून हसून आडवा झाला आणि त्या मुलाने मोबाईलकडे असं पाहिलं, जसं आपण उसन्या घेतलेल्या छत्रीला भोक निघाल्यावर पाहतो.

मग मी चांगला प्रकल्प कसा असतो ते दाखवायला ग्रंथालयातलं कपाट उघडलं. मुलांच्या जुन्या प्रकल्पांचे बांधीव खंड ओळीने लावले होते. त्यातला सगळ्यात हाताळलेला काढला. यंत्रमाग कारखान्यांतल्या आवाजाचा आठवडाभराचा अभ्यास, मरून रंगाची बांधणी, सोनेरी अक्षरं, आत जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाल्याचं प्रमाणपत्र चिकटवलेलं. विद्यार्थी कोण, तर आपले म्हात्रे सर. मागची संदर्भसूची पाहून माझे डोळे निवले. आधी आडनाव, मग नाव, वर्ष कंसात, प्रत्येक स्वल्पविराम जिथल्या तिथं.

"बघा," मी तो खंड वर धरून म्हणाले, "याला म्हणतात शिस्त."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. म्हात्रे सर दारात उभे होते, ते खाली बघायला लागले. मला वाटलं, विनय. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र टाळी वाजवता वाजवता थांबली आणि तिने स्वतःची वही मिटून दप्तरात घातली. मला वाटलं, तास संपला म्हणून. त्या दिवशी मला जे जे वाटलं ते सगळं चूक होतं.

बुधवार

सरांनी दुपारी घरी जेवायला नेलं. पडघ्याच्या अलीकडे आत वळलं की त्यांचं गाव. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला बोगद्यासारखी लांबलचक गोदामं आणि मध्ये नवी रंगवलेली घरं. सरांची आई, सगळ्यांची आजी, ओट्यावरच वाट पाहत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा खणखणीत, की लूमच्या वर ऐकू जावा.

ताटात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं लालभडक कालवण. मी ज्वारीच्या मुलखातली. आमची भाकरी कशी, तोडताना जरा झटापट होते. ही हातात घेतली तर घडी घातलेल्या रुमालासारखी मऊ. मी तिसरी घेतली.

"खा गो बाय, लाजू नको," आजी म्हणाल्या. "तुमचे गावाला भात पिकतो का न्हाय?"

"पिकतो, पण भाकरी ज्वारीची."

"मंग इकरं ये वरचेवर. ज्वारी काय, आजारी मानसाचा खाना!"

ज्वारीचा हा अपमान मी चौथ्या भाकरीकडे बघून गिळला. जेवण झाल्यावर आजींनी देव्हाऱ्यातून एक पितळी कप आणून दाखवला. त्यात फुलवाती भरून ठेवल्या होत्या. "यो माझे पोराला भेटला हाय. पयला नंबर. सगले गावान मिरवला व्हता." कप पुसून पुसून वरची अक्षरं पार गेली होती. सर म्हणाले, "आई, ठेव ना तो," आणि हात धुवायला म्हणून उठून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

गुरुवार

तिसऱ्या बाकावरची ती मुलगी म्हणजे नाझनीन. वडलांचा आठ लूमचा छोटा कारखाना आहे. तिचा प्रकल्पही कारखान्यातल्या आवाजावरच होता आणि शनिवारी तो सगळ्यांसमोर मांडायचा होता. तिने मला कारखाना दाखवायला बोलावलं. धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली. रिक्षात आम्ही पाच जण, शिवाय सुताचे दोन गठ्ठे. एका गठ्ठ्याने आख्खा रस्ता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून प्रवास केला.

वाटेत मी तिला विचारलं, "हाच विषय का घेतलास?"

"अब्बांसाठी," ती म्हणाली. "मॅडम, अब्बांना आता कमी ऐकू येतं. मी हाक मारली तरी कळत नाही. आमच्याकडे जेवताना पण सगळे हातानेच बोलतात, कारखान्यासारखं. मी कानात घालायचे बोळे आणून दिले, तर म्हणतात, लूमवाल्याला कसले आलेत बोळे. मी सायन्सवाली ना, मग म्हटलं मोजूनच दाखवते. आकडा बघितला तर मानतील."

"मानतील?"

"अब्बा हिशेबी आहेत. खरं असेल तर मानतील." असं म्हणून ती बाहेर बघायला लागली.

कारखान्यात शिरताच माझं बोलणं बंद झालं. म्हणजे मी बोलत होते, पण ते मलाच ऐकू येत नव्हतं. हवेत सुताची भुकटी, पायाखालची फरशी थरथरणारी. इक्बालभाई, म्हणजे नाझनीनचे अब्बा, लूममधून वाट काढत आले. मी ओरडून नमस्कार केला. त्यांनी अंगठा ओठांपाशी नेऊन भुवया उंचावल्या, म्हणजे चहा घेणार का. मी मान हलवली. मग त्यांनी कामगाराला लांबूनच दोन बोटांची कात्री करून दाखवली आणि त्याने लगेच तुटलेला धागा जोडला. नाझनीनने हवेत हात फिरवून काही तरी विचारलं, त्यांनी बोटांनीच उत्तर दिलं. बापलेकीचं एवढं बोलणं झालं आणि त्यात एकही शब्द नव्हता. मला गंमत वाटली, आणि दोन मिनिटांनी आठवलं, जेवतानाही हे असंच बोलतात.

बाहेर ओसरीवर चहा झाला, सोबत त्यांच्या घरचं सांदण. तांदळाचं, वाफवलेलं, खोबऱ्याच्या चवीचं. "मॅडम, बेटी को कुछ आता है क्या?" त्यांनी एवढ्या मोठ्याने विचारलं की रस्त्यावरचे दोघे थांबले. "शनिवारी येणार मी. तिचं ऐकायला." आपण काय बोललो ते लक्षात येऊन तेच आधी हसले.

खोलीवर येऊन आरशात पाहिलं तर केसांत बोटभर कापूस. आधीच पांढरे, त्यात ही भर.

शुक्रवार

सकाळी लवकर जाग आली आणि काही तरी बिघडलंय असं वाटलं. कुणी आजारी पडलंय, कुठं काही झालंय, असं. चहा बशीत ओतला आणि कळलं. बशी वाजत नव्हती. खिडकी उघडली तर भिंतीपलीकडे चिमण्यांचा आवाज. पाच दिवस तिथं चिमण्या आहेत हेच मला माहीत नव्हतं.

ग्रंथालयात गेले तर नाझनीन एकटीच प्रकल्पाच्या पानांना भोकं पाडत बसली होती. मी विचारलं, "आज संप आहे का गं?"

"नाही मॅडम. आज जुम्मा. लूम बंद असतात."

"दर शुक्रवारी?"

"हो. हीच सुट्टी."

"आणि रविवारी?"

"रविवारी चालू..." असं म्हणता म्हणता तिचा हात थांबला. मी तिच्यासमोरचं पान ओढून घेतलं. सुबक तक्ता, सुबक आलेख. सहा दिवस रेघ वर आणि रविवारी दाणकन खाली. मी कपाटातून मरून खंड काढला. रविवारी खाली. त्यानंतरच्या वर्षांचे आवाजावरचे जितके प्रकल्प होते तितके काढले. रविवार, रविवार, रविवार. भिवंडीतल्या पोरांनी, लूमवाल्यांच्या घरातल्या पोरांनी, वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं की इथले लूम रविवारी बंद असतात. आणि सोमवारी मी तो खंड डोक्यावर घेऊन नाचले होते, आदल्याच संध्याकाळी रविवारची खटखट ऐकून. काखेत कळसा म्हणतात तो हा.

नाझनीन रडायला लागली. "मॅडम, मी आधी बरोबर लिहिलं होतं. रोज कारखान्यात मोबाईलवर मोजलं, आई शप्पथ. शुक्रवारी कमी आलं. मग सोमवारी तुम्ही दाखवलेला सरांचा खंड बघितला, त्यात रविवारी कमी. सरांना पहिला नंबर मिळालाय. मला वाटलं माझा मोबाईलच गंडलाय. मग मी शुक्रवारचा आकडा रविवारी टाकला, रविवारचा शुक्रवारी."

"अगं, पण शुक्रवारी लूम बंद असतात हे तुला जन्मापासून माहीत आहे ना?"

"माहीत होतं, मॅडम. पण ते घरचं माहीत होतं. हे पुस्तकातलं होतं."

मी खुर्चीवर बसले. तीस वर्षं पुस्तकांची भक्ती शिकवली, तिचं हे फळ समोर बसून ओढणीने नाक पुसत होतं.

"उद्या अब्बा येणार. हा तक्ता बघून काय म्हणतील?" मी विचारलं.

"हसतील," ती म्हणाली. "म्हणतील, बेटा, इतवारला लूम कधी बंद असतात? मग बोळे काय, काहीच मानणार नाहीत." थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पण खरं मांडलं तर सर खोटे पडतील. सरांनी माझी फी माफ करून घेतली होती, मॅडम. मी नाही मांडणार. तुम्ही पण सांगू नका."

आता आली का पंचाईत. ज्या घरचं मीठ परवाच खाल्लं, चार भाकऱ्यांसकट, त्या घरच्या कपाला हात लावायचा. मी दुपारपर्यंत टाळलं. मग वाटलं, कुणाचं कुठून आलं ते विचारा, असं आठवडाभर पोरांना सांगितलं आणि मला विचारायची वेळ आली तर मी भाकरी मोजत बसले आहे. खंड काखेत मारून प्रयोगशाळेत गेले. सर एकटेच होते. मी तक्त्याचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते पान आपल्याकडे वळवून घेतलं. मग म्हणाले, "कॉलेजात आवाज मोजायचं एकच यंत्र होतं, मॅडम, तेही बिघडलेलं. दुसऱ्या एका गावचा अहवाल मिळाला. त्यातले आकडे घेतले आणि गावाचं नाव बदललं. तिथं रविवारी बंद असतील. मी शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेज सुटलं की धावत एस. टी. पकडायची. लूमच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. बक्षीस मिळालं, आई रडली, मग कुठं बोलणार?" त्यांनी खिडकीकडे हात केला. बाहेर सगळं शांत होतं. "नोकरीला इथंच लागलो. दर शुक्रवारी शहर असं गप्प झालं की मला ते पान आठवतं."

"एवढी वर्षं?"

"एवढे शुक्रवार, मॅडम."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, आजींच्या फुलवाती आठवल्या. मी त्यांना नाझनीनचं सांगितलं, सरांसाठी ती खोटं मांडायला तयार आहे हेही सांगितलं. त्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. खंड उचलून ते म्हणाले, "हा माझ्याकडे राहू दे आजचा दिवस."

शनिवार

सभागृहात आईवडील, मुलं, प्राचार्य. इक्बालभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत, कानाला हात लावून. नाझनीन माझ्या शेजारी उभी होती. तिच्या फाईलमध्ये दोन तक्ते होते, खरा आणि सुबक. कुठला काढायचा ते तिचं ठरलेलं नव्हतं.

तिचं नाव पुकारायच्या आत म्हात्रे सर उठले. मरून खंड वर धरला, सोमवारी मी धरला होता तसाच. "मुलांनो, यातला तक्ता मी मोजलेला नाही. दुसऱ्याचा उतरवला आहे. आपल्या गावात लूम शुक्रवारी बंद असतात, हे इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे आणि ह्या पुस्तकाला माहीत नाही. तुम्ही यावर विश्वास ठेवलात, ही माझी चूक. आता खरं मोजलेलं नाझनीन सांगेल."

इतकी शांतता झाली, की तोही एक शुक्रवारच. मग कुणी तरी मागून टाळी वाजवली. मला वाटतं, तो मोबाईलवाला मुलगा असावा.

नाझनीनने खरा तक्ता आणि त्याचा आलेख फळ्यावर लावला. बोलायला सुरुवात केली तर अब्बांनी मान हलवली, ऐकू येत नव्हतं. ते उठून थेट फळ्यापाशीच गेले. आलेखावर बोट ठेवून एकेक वार पुढे सरकले. शनिवार, रविवार, सोमवार. रेघ वरच. शुक्रवारपाशी ती खाली उतरली तिथं बोट थांबलं.

"जुम्मा," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मग त्यांनी वरच्या रेघेकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे हे काय. भरल्या सभागृहात नाझनीन हातांनी बोलू लागली. दोन्ही तर्जन्या कानांवर ठेवल्या, मग तळहात हळूहळू मिटत नेला, मग स्वतःकडे बोट दाखवून मान हलवली. मला त्यातलं अर्धंच कळलं. माझा आवाज तुम्हाला येत नाही, एवढं कळलं. तिने खिशातून बोळ्यांची डबी काढून पुढे केली. इक्बालभाईंनी ती घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि जाऊन बसले. मानलं की नाही, काही समजेना. नाझनीनचा चेहरा एवढासा झाला.

कार्यक्रम संपल्यावर म्हात्रे सर पेन्सिल घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, माझ्या तक्त्याखाली लिहायचंय, की हा चुकीचा आहे, नाझनीनचा प्रकल्प पाहावा. संदर्भ कसा लिहितात?" मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. स्वल्पविराम भलत्याच जागी पडला. मी तो तसाच राहू दिला.

"आणि आईला?" मी विचारलं.

"काल संध्याकाळीच सांगितलं. म्हणाली, कप वातींना बरा हाय, ऱ्हाऊ दे."

पुन्हा रविवार

सकाळी निघाले. रिक्षा मुद्दाम नाझनीनच्या गल्लीतून घ्यायला सांगितली. खटाखट चालू होती, रविवार होता ना. कारखान्याच्या दारात इक्बालभाई कापडाचा तागा उलगडून तपासत उभे होते. मी रिक्षा थांबवली, डोकं बाहेर काढून हाक मारली. नाही. पुन्हा मारली, चांगली घसा फोडून. नाही. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तरी नाही. शेवटी मी हात हलवला तेव्हा त्यांचं लक्ष गेलं.

त्यांनी दोन्ही तर्जन्या कानांकडे नेल्या. कानांत नारिंगी बोळे होते. डोकं हलवून, खदखदून हसत त्यांनी खूण केली, काही ऐकू येत नाही.

माझं कुणी ऐकलं नाही याचा इतका आनंद मला तीस वर्षांच्या नोकरीत कधी झाला नव्हता. मी अंगठा ओठांपाशी नेऊन चहा झाला का विचारलं, त्यांनी मान डोलावली, आणि रिक्षा पुढे निघाली.